झुडपाचा उतारा

रानात नवे झुडूप सापडले, अशी बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कधीमधी येते. तिच्यात बहुधा दोनच गोष्टी असतात. एक फुलाचा फोटो, आणि दुसरी म्हणजे या झुडपाचा माणसाला काय उपयोग होईल याचा अंदाज. मधली गोष्ट गाळलेली असते. कोणीतरी टेबलापाशी बसून त्या झुडपाचे पान न् पान मोजले, त्याचे वर्णन लिहिले, त्याला नाव दिले आणि ते छापले, ही ती मधली गोष्ट. माझे म्हणणे असे की खरी बातमी तीच आहे. बाकीच्या गोष्टी तिच्या मागेपुढे येणाऱ्या.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वनस्पतिशास्त्रात नाक खुपसू नये, असे आमचे सायन्सचे मित्र म्हणतील. पण ज्या झुडपाविषयी मी लिहिणार आहे ते कॉफीचे आहे, आणि कॉफी हा विषय जितका त्यांच्या प्रयोगशाळेचा तितकाच आमच्या बाजाराचा. शिवाय देशातली सुमारे ७० टक्के कॉफी ज्या राज्यात पिकते, तिथे राहून कॉफीविषयी बोलायला कोणाची परवानगी लागू नये. (आम्ही बेळगावकर बहुतेक चहाचे, ही गोष्ट वेगळी.)

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, गिनीच्या आखाताला लागून कॅमेरून हा देश आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बाकोसी नावाच्या लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. पाऊस दाट आणि रान त्याहून दाट. १९८३ साली फ्रेंच संशोधकांची एक तुकडी रानटी कॉफीच्या शोधात कॅमेरूनमध्ये फिरली. कॉफी म्हटली की आपल्याला अरेबिका आणि रोबस्टा ही दोनच नावे आठवतात. पण रानात तिची भावंडे पुष्कळ आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कॉफीच्या १२४ रानटी जाती धरल्या होत्या आणि त्यांतल्या किमान ६० टक्के नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे म्हटले होते. बाकोसीच्या रानात सापडलेले हे झुडूप त्या भावंडांतलेच. माणसाच्या उंचीला न पुरणारे, लहान पानांचे, पांढऱ्या फुलांचे. त्याच्या बियांत कॅफीन मुळीच नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. मादागास्करच्या बऱ्याच रानटी जातींत कॅफीन नसते, आणि पूर्व आफ्रिकेतलीही तशी एक जात आधी माहीत होती. पण मध्य आफ्रिकेतली अशी ही पहिलीच.

आता तारखा पाहा. मोहीम १९८३ ची. पीट स्टॉफेलेन आणि त्यांचे तीन सहकारी यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकात त्याचे वर्णन छापले ते २००८ साली. नाव दिले ‘कॉफिया चॅरिएरियाना’. पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या एका संस्थेने वर्षातल्या पहिल्या दहा नव्या जातींच्या यादीत त्याला घातले, तेव्हा कुठे जगाला बातमी लागली, आणि बातमीचा मथळा ठरलेलाच होता : कॅफीन नसलेली कॉफी! झोप न उडवणारी कॉफी! कॉफीतले कॅफीन काढून टाकायचा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसने सुरू केला; त्यासाठी तो बेंझीन वापरी. तेव्हा मुळातच कॅफीन नसलेली बी मिळाली तर कारखानदाराच्या तोंडाला पाणी सुटणारच. प्रत्यक्षात या झुडपाच्या कॉफीची पुडी दुकानात अजून आलेली नाही.

मला मात्र त्या मथळ्यापेक्षा १९८३ आणि २००८ यांच्यामधली पंचवीस वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. सापडलेली वस्तू ‘सापडली’ असे म्हणायला पंचवीस वर्षे का लागावी? आपल्याकडच्या कचेऱ्यांचा अनुभव असणाऱ्याला हा प्रश्न पडणार नाही, पण इथे फाइल कोणी दाबून ठेवली होती असे नाही. ही रीतच आहे. २०१० साली काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की नव्या ठरलेल्या जातींपैकी जेमतेम १६ टक्के जातींचे वर्णन पहिला नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांत झाले होते. जवळजवळ पाव भाग जातींच्या बाबतीत पन्नास वर्षांहून जुने नमुने कपाटात पडून होते. जगातल्या ज्या सपुष्प वनस्पतींचा अजून ‘शोध’ लागायचा आहे, त्यांतल्या निम्म्याहून अधिक आताच कुठल्या ना कुठल्या संग्रहाच्या कपाटात असतील, असाही त्यांचा अंदाज होता. म्हणजे शोध रानात लागतो ही आपली समजूत अर्धीच खरी. रानात वस्तू मिळते. शोध लागतो तो कपाट उघडल्यावर.

हे काम चालते कसे, ते मी समजून घेतले तेव्हा मला ते एकदम ओळखीचे वाटले. आमच्या पुस्तपालनाच्या पहिल्याच धड्यात एक नियम असतो : प्रमाणकाशिवाय नोंद नाही. व्हाउचर हातात नसेल तर कीर्दीत लिहायचे नाही, आणि कीर्दीत नसेल ते खतावणीत येत नाही. वनस्पतिशास्त्रातही वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटवलेल्या फांदीला ‘व्हाउचर’च म्हणतात. हा शब्द मी जुळवून आणलेला नाही, त्यांच्याच बोलण्यातला आहे. त्या कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी असते : कोणी तोडली, कुठे, कोणत्या तारखेला, किती उंचीवर, फुलाचा रंग ताजेपणी काय होता. (वाळल्यावर रंग जातो, म्हणून तो लिहावाच लागतो.) नव्या जातीचे वर्णन करताना यांतला एक नमुना मुख्य म्हणून जाहीर करावा लागतो. त्याला प्ररूप म्हणतात. १ जानेवारी १९५८ पासून असा नमुना दाखवल्याशिवाय नव्या जातीचे नाव ग्राह्य धरत नाहीत. पुढे शंभर वर्षांनी दोघांत भांडण झाले की हे झुडूप तेच की दुसरे, तर निकाल त्या नमुन्याकडे पाहून लागतो.

त्याच्या नकलाही असतात. त्याच झाडाच्या त्याच वेळी तोडलेल्या फांद्या वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांना पाठवतात. आमच्या भाषेत कार्बन कॉपी. ती किती कामाची, हे बर्लिनला कळले. कॅमेरून एके काळी जर्मनांची वसाहत होती, त्यामुळे तिथले असंख्य नमुने बर्लिनच्या संग्रहात जमले होते. मार्च १९४३ मधल्या बाँबहल्ल्यात तो संग्रह बहुतांश जळाला. ज्यांच्या नकला इतरत्र होत्या त्यांची ओळख टिकली. ज्यांच्या नव्हत्या त्यांचे छापील वर्णन तेवढे उरले.

त्या वर्णनात काय असते? वाचायला ते अगदी रुक्ष असते. पान एवढे लांब, एवढे रुंद, देठ एवढा, पाकळ्या इतक्या, फळ अमुक आकाराचे. आणि मग सर्वांत मोलाचे वाक्य, की अमुक जातीशी जवळची, पण अमुक बाबतीत वेगळी. हे एक वाक्य लिहायला लिहिणाऱ्याने बाकीच्या सगळ्या भावंडांचे नमुने पाहिलेले असावे लागतात. एक नवी नोंद करायची तर आधीची सगळी वही वाचायची. पंचवीस वर्षे कुठे जातात ते यावरून लक्षात यावे. आणि असे वाचणारे लोक थोडे आहेत. त्यांना ना मोठे अनुदान, ना टाळ्या. आमच्यात अंतर्गत हिशेब तपासणाराची जी गत, तीच त्यांची.

आमच्याकडे जमिनीचा ‘उतारा’ नावाचा कागद असतो. दृष्ट काढायचा नव्हे, तलाठ्याकडचा. गंमत म्हणजे हा शब्द बेळगाव-धारवाडकडच्या कन्नडनेही उचलला आहे. तेव्हा या मासिकाच्या दुसऱ्या विभागाच्या वाचकांनाही तो परका नाही. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसत असाल, पण उताऱ्यावर नाव नसेल तर कचेरीत तुम्ही कोणी नाही. नव्या जातीचे वर्णन म्हणजे झुडपाचा उतारा. त्याच्या आधीही ते रानात फुलत होते, पण कुठल्याच यादीत नव्हते. धोक्यात असलेल्या वनस्पतींच्या यादीत जायला आधी नाव लागते. रस्ता, धरण किंवा खाण होणार असेल आणि तिथे काय काय नष्ट होणार याचा तक्ता करायचा असेल, तर त्या तक्त्यातही निनावी झुडपाला रकाना नसतो. हिशेबात ज्याची नोंद नाही त्याची किंमत शून्य धरली जाते.

कोणी म्हणेल, शून्यच असेल कशावरून नाही? आमच्या वर्गातही हा प्रश्न मी ऐकला आहे : एका खुज्या झुडपाचा उपयोग काय? याचे बाजारी उत्तर देता येते आणि ते कॉफीच देते. १८६९ साली सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा आला आणि दोन-तीन दशकांत तिथला कॉफीचा धंदा बुडाला. मळेवाल्यांनी चहा लावला. त्या सुमारास काँगोच्या खोऱ्यातल्या एका जाड, रांगड्या रानटी जातीकडे कोणी फारसे पाहत नव्हते. तिचे शास्त्रीय नाव १८९७ चे. १९०० च्या आसपास ती जावात गेली, तांबेऱ्याला पुरून उरली, आणि आज जगातल्या कॉफीचा मोठा हिस्सा तिचा आहे. तीच रोबस्टा. भारतात तर अरेबिकापेक्षा तिचेच उत्पादन जास्त. आपल्या चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरजवळ १९२५ साली कॉफी संशोधन केंद्र निघाले. तिथून बाहेर पडलेल्या एस. ७९५ या प्रसिद्ध वाणाच्या वंशात लायबेरिका या आफ्रिकेतल्याच जातीचे रक्त आहे. सी बाय आर म्हणून बागायतदार ज्याला ओळखतात त्या वाणात काँगो नदीकाठच्या आणखी एका रानटी जातीचे. म्हणजे कोडगू-चिकमगळूरच्या बागायतदाराच्या बँक खात्याचे एक मूळ आफ्रिकेच्या रानात आहे.

उत्तर खरे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. ‘पुढे उपयोग होईल म्हणून नोंदवा’ असे म्हटले की ज्याचा उपयोग होणार नाही ते नोंदवायला नको, असा अर्थ आपोआप निघतो. कॉफीच्या कुळात जन्मले म्हणून या झुडपाची बातमी तरी झाली. त्याच रानात त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, कॉफीशी नाते नसलेल्या झुडपाचे काय? हिशेबनीस ‘ही रक्कम पुढे उपयोगी पडेल का’ असे विचारून नोंद करत नाही. व्यवहार झाला, प्रमाणक आहे, नोंद करा. किंमत ठरवणारे नंतर येतात, आणि त्यांनी नंतरच यावे.

आता नावाकडे वळतो. कन्नडमध्ये नावाला ‘हेसरु’ म्हणतात आणि हिरव्या रंगाला ‘हसिरु’. या दोन शब्दांत मी लहानपणी नेहमी गोंधळत असे, आणि आज दोन्ही एकाच लेखात आले. ‘चॅरिएरियाना’ हे नाव आंद्रे शॅरिए या फ्रेंच संशोधकावरून दिले आहे. त्यांनी कॉफीच्या आनुवंशिकतेवर आयुष्यभर काम केले, तेव्हा त्यांचा मान अस्थानी नाही. तरीही ज्या लोकांच्या रानात झुडूप उभे होते त्यांचे नाव का नाही, असे मनात आले. पुढे वाचले तर उत्तर सोपे निघाले. त्याच मुलखातल्या दुसऱ्या एका कॉफीला २००२ सालीच ‘कॉफिया बाकोसिआय’ असे नाव देऊन झाले होते, आणि एका प्रजातीत एकच नाव दोन जातींना देता येत नाही. एका गावात दोन खातेदार त्याच नावाचे चालतात, इथे चालत नाहीत. पण हे उत्तर एका झुडपापुरते. एकूण हिशेब केला तर शास्त्रीय नावांत साहेबांची गर्दी आहे, हे कोणीही मान्य करील.

नेहमीच असे होते असे नाही. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीडने केरळातल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवला. १६७८ साली छापलेल्या त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे, आणि इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचेही त्याच्या लिपीत आहे. पुढे लिनिअसने अनेक नावे देताना याच ग्रंथातल्या चित्रांचा आधार घेतला. साक्षीदार कोण, हे तिथे त्यांच्या अक्षरात लिहिलेले आहे. आपल्या घाटातल्या कारवीचेही पाहा. १९४४ मध्ये ब्रेमेकांप नावाच्या डच शास्त्रज्ञाने तिच्यासाठी ‘कार्विया’ अशी वेगळी प्रजाती काढली. नंतरच्या अभ्यासकांनी ती पुन्हा जुन्या प्रजातीत मिसळली हा भाग निराळा, पण मराठी शब्द त्या वहीत एकदा जाऊन आला.

भाषेचा विषय निघालाच आहे तर मराठी माध्यमात शिकलेल्याला जे वाटले ते सांगतो. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचे निदान वर्णन लॅटिनमध्ये लिहिणे सक्तीचे होते. १ जानेवारी २०१२ पासून ते इंग्रजीतही चालते. आपल्या झुडपाचे वर्णन २००८ चे, म्हणजे लॅटिनच्या शेवटच्या काळातले. या बदलाचे पुष्कळ स्वागत झाले, काम सोपे झाले म्हणून. मला ते तितकेसे पटत नाही. लॅटिन कोणाचीच मातृभाषा नव्हती. ती शिकायला लंडनच्या पोरालाही कष्ट पडत आणि खानापूरच्याही. इंग्रजी एकाच्या घरची आणि दुसऱ्याची अकरावीत गेल्यावर अंगावर आलेली. सोपे झाले हे खरे. कोणासाठी जास्त सोपे झाले, तेही लिहून ठेवावे.

मालकीचा प्रश्न याहून बिकट आहे. २००४ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी जवळजवळ कॅफीन नसलेली अरेबिकाची झाडे आपल्या संग्रहात सापडल्याचे जाहीर केले. त्या झाडांचे मूळ बी १९६० च्या दशकात इथिओपियातून गोळा केलेले होते. लगेच इथिओपियातून विचारणा झाली की यात आमचा वाटा किती? १९९२ च्या जैवविविधता कराराने प्रत्येक देशाचा आपल्या रानावरचा हक्क मान्य केला, पण हे संकलन त्याच्या आधीचे. बाकोसीचे १९८३ चे संकलनही आधीचेच. हिशेबात कट-ऑफ तारखेला किती महत्त्व असते ते आम्हाला शिकवतात. इथे ती तारीख गरीब देशांच्या विरुद्ध पडली. मात्र एवढे खरे की छापील वर्णनात ठिकाण लिहिलेले असते. उद्या कोणी त्या झुडपापासून खरोखर पैसा केला, तर ‘हे कॅमेरूनचे’ असे सांगणारा कागद जगातल्या अनेक ग्रंथालयांत आहे.

नोंद झाली म्हणजे रान वाचले, असे मी म्हणणार नाही. त्याच कॅमेरूनमध्ये एबो नावाचे अरण्य आहे. २०२० च्या सुरुवातीला त्याचा मोठा भाग लाकूडतोडीसाठी खुला करायचे घाटत होते. तिथे कोणकोणत्या दुर्मीळ वनस्पती आहेत याची नावनिशीवार माहिती शास्त्रज्ञांनी पुढे ठेवली, बाहेरच्या जगातून ओरड झाली, त्यात लिओनार्डो डिकॅप्रिओ हा हॉलिवूडचा नटही होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो बेत रद्द झाला. २०२२ साली तिथल्या एका छोट्या झाडाला त्या नटाचे नाव मिळाले. वनस्पतिशास्त्रातही जाहिरातीचे तंत्र आले म्हणून कोणी नाक मुरडील, मी मुरडणार नाही. पण २०२३ मध्ये त्या अरण्यात लाकूडतोडीच्या हालचाली पुन्हा सुरू झाल्या. यादी हातात असली म्हणजे निदान भांडता येते, इतकाच तिचा उपयोग. आणि ज्यांच्या रानाची यादीच झालेली नाही त्यांना तेवढेही करता येत नाही.

आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची सोय केली आहे. गावात कोणकोणती झाडेझुडपे आहेत, कोण काय कशाला वापरतो, हे गावकऱ्यांच्या तोंडून लिहून घ्यायचे. कणकुंबी-जांबोटीच्या रानाकाठच्या गावांत ही वही नीट भरायची तर रान ओळखणारा म्हातारा हवा, सायन्सचा विद्यार्थी हवा, आणि रकाने आखून प्रमाणकांना क्रमांक घालणारा आमच्यापैकीही एखादा चालेल. सुटीत हे काम करायला आमच्या वर्गातले चौघे तयार आहेत. एकच सूचना आधी करून ठेवतो. वहीत ‘स्थानिक नाव’ असा रकाना असतो. आपल्या तालुक्यांत तो तिप्पट रुंद आखावा लागेल, कारण एकाच झुडपाला मराठीत एक, कन्नडमध्ये दुसरे आणि घाट उतरला की कोकणीत तिसरे नाव निघते, आणि तिन्ही लिहायची आहेत.